व्याह्यांची दुर्बीण

चूक कबूल न करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण डहाणूपासून तलासरीपर्यंत त्या बाबतीत माझ्या व्याह्यांचा हात धरणारा कुणी झाला नाही. दुसरा नंबर माझा, असं माझी मुलगी म्हणते, आणि तिला दोन्ही घरांचा अनुभव आहे. मी डहाणू स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करणारा. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मास्तरांशी पटलं नाही म्हणून सुटलेलं. व्याही तलासरीचे, रस्त्याच्या कामावरचे रिटायर मुकादम. त्यांनी केलेल्या रस्त्याला खड्डा पडला तर म्हणायचे, "रस्ता बरोबर आहे, पाऊस जास्त झाला." सोयरिकीच्या बैठकीतच आमचं पहिलं भांडण झालं. देण्याघेण्यावरून नाही, डहाणू ते तलासरी अंतर किती यावरून. ते चालून सांगत होते, मी सायकलीवरून सांगत होतो. लग्न लागलं, नातू झाला, अंतर काही ठरलं नाही.

या माणसाचा जीव एका छऱ्याच्या बंदुकीत होता. त्यांचे वडील बोर्डीकडे एका इराणी शेठच्या वाडीत माळी होते. शेठ वाडी विकून जाताना ती विलायती बंदूक माळ्याला देऊन गेला. नळी मधोमध मोडायची, आत एक छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची आणि घोडा दाबायचा. दस्ता अक्रोडाचा, हात लागून लागून काळा तुळतुळीत झालेला. आतलं चामडं झिजलं की व्याही ती गोणपाटात गुंडाळून माझ्या दुकानात आणायचे आणि मी मोठ्या पंपाच्या वायसरातून चामडं कापून बसवून द्यायचो. बसवताना ते शेजारी उभे राहून मला शिकवायचे. बंदुकीने त्यांनी उभ्या जन्मात पाखरू मारलं नाही. घरामागे चिकूची बारा झाडं, त्यांवर पोपटांची धाड. व्याह्यांनी मधल्या झाडाला तुपाचा रिकामा डबा टांगला होता. ओट्यावर बसून डब्यावर छर्रा मारायचा, टण्ण वाजलं की पोपट उडायचे. मी विचारलं, "एवढी बंदूक आहे तर पोपटालाच का नाही मारत?" तर म्हणाले, "तो खायला येतो. मी पण खायलाच बसतो." सकाळी चहाच्या आधी एक टण्ण, दुपारी जेवणानंतर एक. पाड्यावरच्या बायका त्या आवाजावर वेळ ओळखून भात चढवायच्या.

मग एका वर्षी, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, टण्ण बंद झालं. छर्रे सुटायचे, डबा वाजायचा नाही. पोपट एवढे निर्धास्त झाले की डब्यावरच बसून चिकू खाऊ लागले. मुलगी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मामंजींना दिसत नाही. परवा तांब्या समोर असून त्याच्या शेजारी हात फिरवत बसले होते. ओट्याची पायरी चुकले, गुडघा फुटला. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, आत्ता काढला तर नजर येईल, उशीर केला तर डोळा जाईल. ऐकत नाहीत." न ऐकण्याचं कारणही होतं. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा कुठल्याशा वैदूने सुईने उघडायला घेतला आणि कायमचा मिटवला होता. पण भीती वाटते असं सांगतील तर ते व्याही कसले. त्यांनी दोष काढला बंदुकीचा. "माशी झिजली," म्हणाले. माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो नेम धरायचा लोखंडी दाणा. "आता हिला दुर्बीण बसवायला पाहिजे. परवडेल अशी एखादी बघू." आणि ती बघायला बरोबर न्यायचं कुणाला, तर मला, कारण ती बसवायला क्लिपा मीच करणार.

पहिल्यांदा मुंबईला एका बंदुकांच्या दुकानात गेलो. काउंटरवर टाय घातलेला पोरगा होता. त्याने सांगितलं, स्प्रिंगच्या बंदुकीला साधी दुर्बीण चालत नाही, धक्क्याने आतल्या काचा सुटतात, तिला खास मजबूत लागते. किंमत ऐकून व्याही म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस येते, आणि ती रोज दूध देते." तरी डोळा लावून बघितलं. दुर्बीण दाराबाहेर धरली, फिरवली, पुसली, परत धरली. "काचेत धुकं आहे," म्हणाले. पोरगा गालात हसला. "आजोबा, नवीकोरी आहे. धुकं दुसरीकडे असेल."

त्याचं ते हसणं मला खुपलं. मी दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली. समोरच्या फुटपाथवर शेंगदाणेवाला बसला होता, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण मला दिसलं. मी दुर्बीण खाली ठेवली आणि म्हणालो, "धुकं आहे. आम्हाला नको." व्याही माझ्याकडे बघत राहिले. मग ताठ मानेने दुकानाबाहेर पडले.

एकदा बोललो ते बोललो. पुढे जिथे जाऊ तिथे तेच बोलावं लागलं. उंबरगावला एकाने शिकारी मामाची जुनी दुर्बीण काढली, तिच्यात धुकं. शेवटी वापीला एका भंगारवाल्याकडे मोजणीवाल्यांची पितळी दुर्बीण मिळाली, जमिनी मापताना तिपाईवर लावतात तसली. भंगारवाला मला म्हणाला, "काका, काच तो चोख्खो छे." मी म्हणालो, "नथी." दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं, तिची घडणच तशी. माणसं डोक्यावर चालणार, झाडं आभाळातून खाली लोंबणार. पण ती परवडणारी होती. व्याही म्हणाले, "उलटं तर उलटं. सवय करू. रस्त्याच्या कामावर साहेबांचे नकाशे उलटेच असायचे." मी सीटच्या क्लिपा कापून ती नळीवर घट्ट बसवली. ही धक्का खाईल का, असं मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, "तुम्ही फक्त नट आवळा." पहिल्याच छऱ्याला बंदूक मागे आली आणि दुर्बिणीचं पितळ भुवईवर बसलं. भुवई एवढी सुजली की माझ्या मुलीने हळद लावली. पोपट जागचे हलले नाहीत. व्याही म्हणाले, "नेम बरोबर होता. धुक्यामुळे गेला."

त्या दिवशी मुलीने मला विहिरीकडे बोलावलं. "बाबा, काचेत धुकं आहे असं तुम्ही सांगता त्यांना?"

"एकदा सांगितलं."

"मामंजी घरात सगळ्यांना ऐकवतात. 'तुझ्या बापालासुद्धा धुकंच दिसतं, मग माझा डोळा कशाला कापायचा?' डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत दिलीय. डोळा गेला तर तुमच्यामुळे जाईल."

बायकोला मी कधी चुकलो म्हणून सांगितलेलं नाही, मुलीला काय सांगणार. घरी परत आलो. चार दिवस दुकानात पंक्चर काढताना ट्यूबमधली भोकं सापडेनात. पाचव्या दिवशी एसटीने तलासरीला गेलो.

व्याही ओट्यावर बसले होते, बंदूक मांडीवर. मी न विचारता ती उचलली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"डबा उलटा दिसतो. तळाला गंज आहे. त्यावर एक पोपट पाय वर करून लटकलाय. चोच लाल, मानेला काळी रेघ. चिकूची साल काढतोय."

"रेघ दिसते?"

"दिसते. मुंबईला शेंगदाणेवाल्याचं बटण पण दिसलं होतं. काच चांगली आहे, व्याही. तीही चांगली होती. मी खोटं बोललो. चुकलो."

त्यांनी बंदूक माझ्या हातातून परत घेतली आणि तिचा दस्ता चोळला. मग म्हणाले, "माहीत होतं."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"इतक्या वर्षांत आपलं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मोडवेना."

मला हसूही येईना आणि दुसरं काही करायचं मनात आलं ते व्याह्यांच्या ओट्यावर करणं बरं दिसलं नसतं. मुलगी चहा घेऊन आली. व्याह्यांनी कपाकडे हात नेला, तो थोडा बाजूला गेला. मी कपाचा कान त्यांच्या बोटांत दिला. एरवी असलं काही केलं असतं तर भांडण झालं असतं. चहा पिऊन ते म्हणाले, "डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर कधी आहे ते विचारा. पण तुम्ही बरोबर याल तर."

पुढे त्या डोळ्याने ते सात-आठ वर्षं स्वच्छ बघत होते. पेपर वाचून मला त्यातल्या चुका सांगायचे. आता त्यांना जाऊनही बराच काळ झाला. अंतराचा वाद मी आता एकटाच घालतो आणि एकटाच जिंकतो, त्यात काही गोडी नाही. पण ते आठवले की मला हटकून त्या शिबिराचा दिवस आठवतो. आत न्यायला आले तेव्हा व्याह्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हे आत आले तर चालेल?" डॉक्टर म्हणाले, "नाही." तेव्हा मागे न बघता ते मला म्हणाले, "मग इथेच उभे राहा. हलायचं नाही."

दार लागलं. भिंतीला बाकडं होतं, रिकामं. आयाबाई दोनदा म्हणाली, "काका, बसा ना, वेळ लागेल." मी बसलो नाही. पट्टी बांधून त्यांना बाहेर आणेपर्यंत मी त्याच फरशीवर उभा होतो. कुणी सांगितलं म्हणून असा उभा राहणारा माणूस मी नव्हे, हे सगळ्या डहाणूला माहीत आहे.