द्रौपदाकाकीचं सूप अंगणात गेलं

द्रौपदाकाकीमुळे माझ्या ऑपरेशनचे टाके टिकले. ती गेल्याचं मात्र मला महिन्याने कळलं, तेही इकडे पुण्यात, गोंदियाहून आलेल्या एका माणसाच्या तोंडून. चौथीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला लिहायला धीर लागतो, पण गप्प बसवत नाही...

काकी माझ्या नात्यातली नव्हती. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. मी गोंदियात बिड्या वळायचो आणि तिच्या घरी राहायचो. वळता वळता ओढायचोही. मग अंतर्गळ झाला, आतडं खाली उतरलं. डॉक्टर म्हणाले, आधी बिडी सोड, खोकला थांबू दे, मगच ऑपरेशन. काकीने त्याच दिवशी माझ्या खिशातल्या बिड्या चुलीत घातल्या आणि तेंदूच्या पानात ओवा भरून, दोरा बांधून हातात दिला. "हे चघळ. पेटवाचं नाही." कारखान्यातले हसायचे, "काकीनं बाळगुटी सुरू केली का रे?" मी शरमेने ती ओव्याची बिडी मुठीत लपवायचो.

ऑपरेशननंतर तिने मला कारखान्यात जाऊ दिलं नाही, घरीच ठेवलं. खोकला आला की गोधडीची घडी पोटावर दाबून धरायची. "आता खोकल. टाके तुटले त मी नाही शिवत, मले बिडीलेच दोरा बांधता येते." पण ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली की जर्द्याचा वास यायचा... एकदा मी चिडून बोललो, "दिवसभर बिड्याच वळून राहिली ना, मंग मले कायले शिकवतेस?"

काकी उठली. सूप उचलून अंगणात गेली. थंडीचे दिवस. वाऱ्याने पानं सुकून चिरायची, जर्दा उडायचा, संध्याकाळी कारखान्यात तिच्या बिड्या खराब म्हणून छाटल्या जायच्या, त्यांची मजुरी बुडायची. मी बरा होईपर्यंत ती आत वळायला बसली नाही. मी खाटेवरून बघायचो. "आत ये" म्हणावंसं वाटे, पण ती आत आली असती तर मी बिडीसाठी हात पुढे केला असता, हे मला ठाऊक होतं. म्हणून तिला थंडीत बसू दिलं.

ती गेल्याची बातमी उशिरा कळली, पण आजारी असल्याचं आधी कळलं होतं. इथल्या मालकाकडे रजा मागायला मी घाबरलो, गेलोच नाही.

त्या माणसाने निघताना सांगितलं, तिच्या मुलालाही, परसरामलाही, ऑपरेशन सांगितलंय. बिडी सुटत नाही, कोणाचं ऐकत नाही.

काकी, उद्या मी रजा मागतो. मालक नाही म्हणाला तरी येतो. परसराम शिव्या देईल, देऊ दे. त्याच्या उशाशी बसून तुझं फेडीन.