वाढत्या अंगाची बॅट

आमच्या घरात आजवर कुणाच्याही मापाची वस्तू आलेली नाही.

याचं सगळं श्रेय माझं. वस्तू घ्यायची तर वाढत्या अंगाची, हा माझा नियम. माझ्या लेकीचा, तनूचा, शाळेचा पहिला गणवेश मी असा घेतला होता की हजेरी घेताना बाईंनी विचारलं म्हणे, "आत कुणी आहे का?" बूट घ्यायचे ते पुढे कापूस कोंबून. रेनकोट तर असा, की त्यात तनू, तिचं दप्तर आणि वेळ पडली तर दप्तर धरायला एखादी मैत्रीणही मावावी. पोरगी काय, वाढतेच! आज ना उद्या वस्तू मापात येते. (मापात यायच्या आत ती फाटते, हा भाग वेगळा.) लग्नात नवऱ्याची शेरवानीसुद्धा मीच पसंत केली होती. ती त्यांना अजून सैल होते.

हे इथे बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. दिवसभर केसाच्या जाडीची मापं काढतात. घरी आले की मापाचं खातं माझ्याकडे, आणि त्यांना फक्त "हूं" म्हणायची परवानगी आहे.

तर तनू सातवीत गेली आणि सॉफ्टबॉल खेळायला लागली. तोवर मला सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडूने खेळायचं काहीतरी वाटत होतं. चेंडू मऊ नसतो! (हे मला तो माझ्या गुडघ्यावर आदळल्यावर कळलं.) बॅटही क्रिकेटसारखी चपटी नसते. गोल, पोकळ, चकचकीत दंडुकाच तो. पण पोरगी त्या दंडुक्याने असा काही टोला हाणायची, की शिकवणाऱ्या संखे मॅडम स्वतः मला शाळेच्या फाटकाशी गाठायला आल्या. मॅडम जवळच्याच बेटेगावच्या, बोलायला एकदम मोकळ्या.

"ताई, पोरीचा हात लय चांगला हाय. पन शाळेची बॅट एकच नि पोरी ढीगभर. पुढच्या महिन्यात पालघरला जिल्ह्याची निवड हाय. तिला तिची बॅट घ्या, म्हंजे हात बसेल. तुमची पोरगी नक्की जाईल बगा."

"घेते की! केवढी घेऊ?"

"बॅट उभी धरायची पायाशेजारी. हात खाली सोडला की मूठ तळव्यात आली पायजे. वर नाय, खाली नाय."

"बरं."

"आनि ताई, मोठी घेऊ नका."

"छे छे! मी कशाला मोठी घेईन?" मी म्हटलं. मॅडमनी शेजारी उभ्या तनूच्या रेनकोटाकडे पाहिलं.

आम्ही तिघं बोईसरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक बॅट काढून तनूच्या पायाशी उभी केली. तनूने हात खाली सोडला आणि मूठ अलगद तळव्यात आली. पोरीचा चेहरा असा उजळला!

"आई, हीच!"

"ह्याच्या पुढची दाखवा," मी म्हटलं.

"काकू, ही तिला अगदी बरोबर आहे."

"बरोबर आहे हीच तर अडचण आहे. पुढच्या वर्षी काय करायचं?"

तो एकेक बॅट काढत गेला आणि मी "पुढची, पुढची" करत गेले. शेवटी भिंतीवर टांगलेली एक उतरवली, ती तनूच्या कमरेपर्यंत आली. "काकू, ही मोठ्या बायका खेळतात ती आहे."

"मग ही काय जन्मभर लहान राहणार आहे?"

दुकानदार बिल करायला लागला. हे "हूं" म्हणाले. तनू दुकानापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. (ती बोलली नाही की तिला पसंत आहे असं मी धरते.)

घरी आल्या आल्या मी बॅटीला हळदकुंकू लावलं, ऑइलपेंटने स्वस्तिक काढलं आणि खाली ठळक अक्षरांत "तन्वी" लिहिलं. मग म्हटलं, "हं, फिरवून दाखव!"

तनूने फिरवली. म्हणजे सुरुवात तिने केली, पुढचं बॅटीने केलं. बॅट पुढे, तनू मागे, अशी दोघींनी हॉलला एक प्रदक्षिणा घातली आणि तनू चपलांच्या स्टँडमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या खेपेला बॅट टीव्हीकडे निघाली, तेव्हा ह्यांनी टीव्हीला मिठी मारली. इतक्या प्रेमाने त्यांनी मला कधी जवळ घेतलेलं मला आठवत नाही.

"अगं, बदलून आण," टीव्ही न सोडता हे म्हणाले.

"हळदकुंकू लागलेली वस्तू कोण परत घेतं?"

"मग काय करायचं?"

मी विचार केला. फ्रॉक असता तर दुमडून शिवला असता. बूट असते तर कापूस होताच. बॅट दुमडत नाही. पण माघार घेईन तर मी कसली! "निवडीला महिना आहे," मी म्हटलं. "बॅट लहान होत नाही ना? मग पोरगी मोठी होईल."

हे "हूं" म्हणाले आणि टीव्ही आणखी आत सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे तनूला वाढवण्याचं काम हाती घेण्यात आलं. समुद्रकाठच्या मुरब्याहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येणाऱ्या कुंदाताईंना मी विचारलं, "पोरगी उंच व्हायला काय देऊ हो?"

"बोंबील द्या, दुसरा काय?" टोपली उतरवत त्या म्हणाल्या. "आमची पोरां बगा, दारातून वाकून येतात. सगला बोंबलाचा परताप हाय!"

(कुंदाताई त्या दिवशी फक्त बोंबील घेऊन आल्या होत्या, हे मला मागाहून आठवलं.) झालं! सकाळी अंडी, दुपारी बोंबील, संध्याकाळी नाचणीचं सत्त्व आणि झोपताना सुक्या मेव्याचा लाडू. तनू दोन घास खायची आणि "पुरे" म्हणायची. अन्न टाकायचं नाही हे माझ्या आईने मला शिकवलंय, त्यामुळे उरलेलं सगळं मी संपवत होते. दाराच्या चौकटीला उभं करून रोज तनूची उंची पेन्सिलीने मांडायची. चौकटीवर रोज त्याच जागी रेघ पडायची. ती रेघ इतकी जाड झाली की लांबून मुंग्यांची रांग वाटे. दरम्यान माझे दोन ब्लाउज उसवले.

मग कुणीतरी सांगितलं की लोंबकळल्याने उंची वाढते. ह्यांच्या कारखान्यात कंत्राटावर वेल्डिंग करणारे रामसजीवन आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. रविवारी त्यांनी येऊन बेडरूमच्या दारात, चौकटीच्या वर, एक जाड लोखंडी पाइप बसवून दिला. हात झाडत म्हणाले, "भाभीजी, हाथी लटक जाए, तब भी नहीं गिरेगा!"

तनू मात्र हात मागे बांधून उभी. "मी नाही लटकणार. हात दुखले तर बॅट कशी धरू?"

"काही दुखत नाहीत! बघ, मी दाखवते."

"आई, नको."

"अगं, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे? असा धरायचा, आणि असे पाय सोडायचे..."

मी पाय सोडले. त्यानंतर काय काय सुटलं ते नीटसं सांगता येत नाही. आधी पाइप आला, मग मी आले, मग चौकटीची वरची पट्टी आली आणि सगळ्यात शेवटी सावकाश, घाई न करता, भिंतीचा एक मोठा पोपडा आला. आवाज ऐकून रामसजीवन धावत वर आले. त्यांनी पाइप पाहिला, मला पाहिलं, भिंतीतलं भोक पाहिलं आणि अगदी मनापासून हळहळले. "भाभीजी, हमने तो हाथी का हिसाब लगाया था!"

ह्यांना एकदम स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं. आत बराच वेळ नळ सोडलेला होता. पण हसू नळाने झाकलं जात नाही!

पायाच्या घोट्याजवळ हाड तडकलं होतं. प्लास्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवसांनी काठी घेऊन घरातल्या घरात फिरा. काठी आणायला हे विसरले. एका सकाळी घरात कुणी नाही, मोलकरणीने बेल वाजवलेली, मी आपली पलंगावर. हाताशी काय होतं? बॅट! ती टेकवली आणि उभी राहिले. चालले. काय सुंदर चालता आलं म्हणून सांगू! फरशीवर ठाण्, ठाण्, ठाण् असा आवाज व्हायचा तेवढाच. भाभीजी कुठल्या खोलीत आहेत ते रामसजीवनना खाली बसून कळायचं.

निवडीपर्यंत ती बॅट माझ्याकडेच राहिली. तनू शाळेच्या बॅटीवर, रांगेत उभं राहून, मिळेल तेवढा सराव करत होती. आपली बॅट तिने एकदाही मागितली नाही. किती गुणी मुलगी, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

निवडीच्या दिवशी रिक्षा करून आम्ही पालघरला गेलो. मी घरी थांबावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं, म्हणून मी गेलेच. मैदानावर पोरींची रांग लागली होती. "पोरी, स्वतःची बॅट असताना दुसऱ्याची मागायची नाही हं," असं मी रिक्षातच बजावलं होतं. तनूचं नाव पुकारलं तशी मी काठी, म्हणजे बॅट, तिच्या हातात दिली आणि ह्यांचा खांदा धरून एका पायावर उभी राहिले.

पहिला चेंडू आला. बॅट फिरली, तनू फिरली, चेंडू मागे निघून गेला. दुसरा आला. या खेपेला बॅट इतकी उशिरा पोचली की चेंडू परत फेकून झाला होता. निवड करणाऱ्या बाई वहीत बघत म्हणाल्या, "एक शेवटचा. मग पुढची ये."

तनू वळली. साऱ्या मैदानासमोर, रडवेल्या आवाजात ओरडली, "आई, मला एकदा तरी माझ्या मापाचं काहीतरी देशील का गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातला तिचा उजळलेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी तो बघूनही "पुढची दाखवा" म्हटलं होतं. माझे डोळे भरून आले. ह्यांनी रुमाल दिला. (तोही टॉवेलाएवढा. मीच घेतलेला.)

संखे मॅडम शाळेची बॅट आणायला धावल्या, पण त्यांच्या आधी रांगेतली मुरब्याची एक मुलगी पुढे झाली. "घे, माजी घे. ताईची जुनी हाय, तुला बसेल." तनू बघतच राहिली. तशी त्या मुलीने आपला एक पाय उचलून दाखवला. बुटाचं टोक वर दुमडलं होतं आणि कडेने कापूस डोकावत होता. "आमच्या आयचा पन असाच हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून छान हसली.

तिसरा चेंडू तनूने असा हाणला, की तो साऱ्या पोरींच्या डोक्यावरून आमच्या रिक्षाच्या टपावर जाऊन आदळला. रिक्षावाला आत झोपला होता, तो पोलिसाची काठी बसली समजून उठला आणि आधी लायसन्सच शोधायला लागला. निवडीच्या बाईंनी वही उघडली. "नाव काय म्हणालीस गं?"

मी पाय विसरून उडी मारली. ह्यांनी मला झेललं. टीव्हीला मारली होती तशीच मिठी होती, त्यामुळे माझी तक्रार नाही.

तनूची निवड झाली. मुरब्याच्या त्या मुलीचीही झाली. संखे मॅडम आमची बॅट घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, नीट उभ्या ऱ्हा. हात खाली सोडा."

मी सोडला. मॅडमनी बॅट माझ्या पायाशेजारी उभी केली. मूठ बरोबर माझ्या तळव्यात आली. वर नाही, खाली नाही.

"माप अगदी बरोबर घेतलंत ताई," मॅडम म्हणाल्या. "मानूस तेवढा चुकला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही परत त्याच दुकानात. दुकानदाराने माझं प्लास्टर पाहिलं, मग स्वस्तिक पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "काकू, हळदकुंकवाची परत घेत नाही हं."

"परत द्यायला कुणी आणलीये? ती माझी आहे. हिला हिच्या मापाची द्या."

तनूच्या तळव्यात येणारी ती पहिलीच बॅट त्याने काढली. पुढची दाखवा, पुढची दाखवा, असं माझ्या जिभेवर सारखं येत होतं. ओठ घट्ट मिटून मी होकारार्थी मान डोलावली. तनूने बॅट छातीशी धरली, आणि मग चक्क दुकानात मला मिठी मारली. आजवरच्या कुठल्याही वस्तूवर मला असं काही मिळालं नव्हतं.

निघताना दुकानदार म्हणाला, "काकू, तुमच्या बॅटीला खालून रबरी बूच बसवून देऊ का? घसरणार नाही, आवाजही होणार नाही." त्याने एक बूच काढून बॅटीच्या टोकाला लावून पाहिलं. हे वाकले आणि कारखान्यातल्या नजरेने सगळीकडून बघून म्हणाले, "अगदी मापात आहे."

तनू माझ्याकडे बघत होती. मी बूच काढून परत दुकानदाराच्या हातात दिलं.

"ह्याच्या पुढचं द्या," मी म्हटलं. "कापूस घालून बसवीन."