माशांच्या मापाचं मीठ

मासेकाका माशांचं पाणी चाखून बघायचे. सकाळी तोंड धुतलं की काचेच्या टाकीत बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे, "बराबर हाये," नाहीतर, "चिमूटभर कमी पडून राह्यलं." मग कोनाड्यातल्या बरणीतले मिठाचे खडे तांब्याभर पाण्यात विरघळवून ते हळूहळू टाकीत सोडायचे. माझ्या सासूबाई मासळीचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरणाऱ्या. कुंपणापलीकडचा हा प्रकार त्यांनी पहिल्यांदा पाहिला, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मी मात्र नुकतीच लग्न होऊन पुसदला आले होते आणि मला वाटलं, शेजार तर फारच मनासारखा मिळाला!

आमचा मुलूख नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. काका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हेडक्लार्क होते. तळ्यांत आफ्रिकेचे मासे सोडायला आलेला एक सरकारी साहेब जिनाच्या बंगलीत उतरला होता. काकांनी त्याच्याशी इतक्या गप्पा मारल्या, की जाताना त्यानं सुटका करून घेतल्यासारखी चार पिल्लं घागरीत घालून दिली. तिलापिया त्यांचं नाव. काका त्यांना 'आफ्रिकावाले' म्हणत. या माशांना थोडं खारं पाणी चालतं, चिमूटभर मिठानं अंगावर बुरशी धरत नाही आणि तळाला चुन्याचे दगड असलेले बरे, एवढं साहेब सांगून गेला. काकांनी लोखंडी चौकटीत काचा बसवून टाकी करवून घेतली आणि वणीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला गाठून चुनखडी आणवली. कोणी हसलं तर म्हणायचे, "पाव्हना दूरचा हाये बाप्पा. त्याच्या घरचं पाणी त्याले द्या लागते."

काकू या सगळ्या खटाटोपाकडे भाकरी थापता थापता बघायच्या. गोल चेहऱ्याच्या, खळखळून हसणाऱ्या. त्यांच्या हातच्या ठेच्यानं माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि तरी तो पुन्हा मागायचा. काका जेवायला बसले की पहिल्या घासालाच मान डोलवून म्हणायचे, "मिठाचा हात असावा तं असा!" टाकीचं माप काकांकडे आणि चुलीचं काकूंकडे, अशी त्या घराची वाटणी होती.

मग काकूंच्या पायांवर सूज आली. आधी पावलं, मग चेहरा. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काहीतरी सांगितलं आणि मीठ बंद केलं. त्या दिवसापासून त्या घरातलं मीठ स्वयंपाकघरातून उठलं आणि माशांच्या बरणीपुरतं उरलं. काकांनी स्वतःसाठीही वेगळं पातेलं ठेवलं नाही. मी एकदा वांग्याची भाजी घेऊन गेले, तर दारातच अडवलं. "बाई, भाजी तुमची लय चांगली राह्यते, पण घरात आणू नोका. वास गेला तं जीव तुटते तिचा."

"पण तुम्ही तरी खा की काका. तुम्हाला कुठं सूज आहे?"

"मी काय, सकाळी चाखतोच ना," म्हणून त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. मला तेव्हा हसू आलं. ते थट्टा करत नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मासे मात्र दिसामासानं वाढत होते. त्यांतल्या मादीनं अंडी घातली आणि उचलून तोंडात धरली. हे मासे असंच करतात म्हणे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आई तोंड मिटून राहते, काही खात नाही. काका रोज गव्हाच्या कोंड्याची चिमूट टाकायचे आणि ती ढुंकून बघायची नाही. काकू टाकीसमोर सुजलेले पाय पसरून बसायच्या. म्हणाल्या, "पाह्य ना बाई, हिचंबी पथ्य सुरू हाये." मादीची पिल्लं निघाली, तिचं पथ्य संपलं. काकूंची सूज हटेना. काका मला म्हणाले, "माश्याइले मीठ देऊन जगवून राह्यलो, अन् हिले मीठ तोडून. डाक्टरले इचारलं, तं तो म्हणते दोन्ही बराबर हाये."

सासूबाईंचा डॉक्टरांपेक्षा दृष्टीवर जास्त विश्वास. एका संध्याकाळी त्या काकूंची दृष्ट काढायला गेल्या. मिरच्या, मोहऱ्या आमच्याकडून नेल्या. मीठ विसरल्या, म्हणून काकांनी बरणीतलं दिलं. सासूबाई मूठ ओवाळत पुटपुटत होत्या आणि काकूंचे डोळे त्या मुठीबरोबर फिरत होते. मूठ तोंडासमोर आली तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, एक खडा टाका ना जी तोंडात."

सासूबाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका टाकीकडे पाहत राहिले. शेवटी मूठ चुलीत गेली, मीठ तडतडलं. घरी आल्यावर सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. इतक्या कडक बाईला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर काकूंना तपासून अंगणात आले, चपला घालता घालता काकांना म्हणाले, "आता काय खावंसं वाटेल ते देत जा. मीठही द्या." काका तुळशीजवळ खांबासारखे उभे. आणि आतून काकूंनी ऐकलं. उठवत नव्हतं, तरी त्यांनी खिडकीतून मला हाक मारली, "बाई, ऐकलं का? मीठ सुटलं जी माह्यं! बरी होऊन राह्यली मी!" कुंपणाशी माझ्याजवळ धान्य पाखडणाऱ्या सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, "हो काकू, सुटलं."

काकूंना अंबाडीची भाजी हवी होती. मी निवडली, चिरली, शिजवली. मीठ घालायला गेले तर काका म्हणाले, "नाही बाई, मीच टाकतो." कोनाड्यातली बरणी आणली, खडे बारीक केले, भाजीत टाकले. मग बोट लावून चाखलं, टाकीचं पाणी चाखायचे तसेच डोळे मिटून. म्हणाले, "बराबर हाये."

काकूंनी भाकरीबरोबर घास घेतला आणि किती वेळ तोंडातच ठेवला. चेहऱ्यावर असं समाधान, की माझ्याच्यानं तिथं बसवेना. मग हसून म्हणाल्या, "जरासं कमीच पडलं जी."

मी मीठ आणायला उठले, तर त्यांनीच माझा हात धरला. "राहू दे. पह्यल्या दिवशी येवढं पुरे. आता बरी होऊन राह्यली, तं कायले घाई? उद्या टाकजा थोडं जास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या.

तेरवीला पानात आधी मीठ वाढायला मीच होते. काकांनी त्या चिमटीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "बाई, येवढे दिवस माह्या जिभेले त्या टाकीचंच माप होतं. मले काय ठाव, मानसाले किती लागते? माश्याच्या मापानं मीठ टाकलं मी तिले." पंगतीतली माणसं जेवत होती, वाढपी हाका मारत होते. मी मिठाचं भांडं धरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

त्यानंतर मासेकाका रोज पाणी चाखायचे आणि रोज एकच म्हणायचे, "कमी हाये." 'बराबर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. मासे मुळातच चिवट, वाढतं मीठही सोसत राहिले.

माझ्या नवऱ्याची यवतमाळला बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेले. सामान गाडीत चढलं होतं. काका टाकीपाशीच होते. बोट बुडवलं, चाखलं आणि बरणीत हात घातला. मला नको तिथं बोलायची सवय. मी म्हटलं, "काका, कालच तर टाकलंत. आजच्या दिवस राहू द्या, उद्या टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्यावर कायले ठेवू, बाई?" म्हणाले आणि मुठीतलं मीठ तसंच पाण्यात सोडलं. खडे विरघळेपर्यंत ते काचेशी वाकून उभे होते.