वैजिनाथअप्पांची चूक, सही-शिक्क्यानिशी

दिंद्रुडात किराणा दुकान चालवणाऱ्या वैजिनाथअप्पांच्या हातून एकसष्ट वर्षांत एकही चूक झाली नव्हती. हे अर्थात त्यांचंच म्हणणं. तुरीच्या डाळीत खडा निघाला तर ते गिऱ्हाइकाच्या दातांना दोष देत. एकदा माजलगावची गाडी सोडून चुकून परळीच्या गाडीत बसले, तर तिथं वैजनाथाचं दर्शन उरकून आले आणि वर म्हणाले, "तिकडंच गेलतो की मी!" पडलो तरी नाक वर, असला माणूस.

तीन वर्षांखाली त्यांनी माडीवरच्या हॉलच्या पत्र्यांना आतून फोम मारून घेतला. पंपानं फवारायचा, तो दुधासारखा उतू येतो, वाळला की घट्ट बसतो आणि ऊन आत येत नाही, असं माजलगावच्या प्रदर्शनात कुणीतरी सांगितलं होतं. बायको मल्लम्मा म्हणाली, "अवो, नका बरं. वास मारंल, उंदरं होतील." अप्पा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" फोम बसला. वास मारला. उंदरंही झाली. ती शेजारच्या तात्याबाकडून येतात, असं अप्पांनी जाहीर करून टाकलं.

यंदा लेक ईश्वरीनं त्याच हॉलमध्ये गावातल्या पोरींसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं. सोळा पोरींनी नावं दिली. कुणी तलाठी व्हायला निघालेली, कुणी पोलीस. घरात चुलीपुढं पुस्तक धरून बसणाऱ्या साऱ्या. परवानगीसाठी अर्ज केला, तर कचेरीतून उत्तर आलं: हा फोम पेट घेतो. तो काढा, आणि नीट काढल्याचा इंजिनिअरचा दाखला पंधरा तारखेच्या आत आणा, नाहीतर अर्ज रद्द.

"काढायला माणसं काहून लावायची? आपले हात मोडलेत का?" म्हणत अप्पा तोंडाला उपरणं बांधून शिडीवर चढले. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात मल्लम्माचं उलथनं. चार दिवसांत अकरा पोती फोम निघाला. फेकून देणं अप्पांच्या रक्तातच नाही. तात्याबानं दोन पोती कोंबड्यांच्या खुराड्याला नेली, गावातल्या शहादेवनं स्कूटरच्या सीटमध्ये कोंबला, बाकीचा असाच गावभर गेला. राहिला माळ्यावरचा एक कोपरा. तिथं हात पोचेना आणि खांदा तर पार गेलेला. मग अप्पांनी डोकं चालवलं. घरी पाहुणा यायचा तर आपण रंग देतो की नाही? इथं तर इंजिनिअर येणार! त्यांनी सगळ्या पत्र्याला निळा ऑइलपेंट मारला. कोपऱ्यालाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बीडहून धनश्री मॅडम आल्या. इंजिनिअर, तिशीच्या आतल्या, बोलायला गोड. वर बघून त्यांनी कपाळालाच हात लावला.

"अप्पा, रंग कशाला दिला?"

"तुमी येणार म्हणून!"

"अहो, फोमखाली पत्रा गंजलाय का, तुकडे राहिलेत का, हे बघायला तर मी आले. आता काय निळा रंग बघून सही करू?"

काढलेला माल कुठं गेला तेही त्यांना बघायचं होतं. मग निघाली वरात तात्याबाच्या खुराड्याकडं. फोमवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती काही केल्या उठेना. मॅडमनी तिच्यासकट फोटो काढला, सगळ्यांना सगळा माल पोत्यांत भरून परत आणायला सांगितला, आणि परत येऊन शिडीवर चढल्या. माळ्यावरच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. निळ्या रंगाखालून पिवळा भुगा भुरुभुरु खाली पडला.

"ते काय हाय, उंदरांनी..." अप्पांनी सुरुवात केली.

"अप्पा," ईश्वरी म्हणाली, "सोळा पोरींना मी सांगून बसलेय."

अप्पा खाली वाकून भुगा गोळा करायला लागले. मॅडम म्हणाल्या, "सगळा रंग खरवडा. कोपरा काढा. मी चौदाला येते. आणि घरमालकाचं निवेदन लागेल, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. फोम का मारला, कुणी काढला, काय राहिलं आणि ते का झाकलं. त्याशिवाय मी शिक्का मारणार नाही."

पत्रा खरवडायचं अप्पांना काही वाटलं नाही. दुखऱ्या खांद्यानं, दुकान बंद ठेवून, त्यांनी पन्हळ न् पन्हळ चकचकीत केली. पण तो कागद! दोन दिवस गल्ल्यावर कोरा पडून राहिला. एकदा तर अप्पांनी त्यात पावशेर गूळ बांधायला घेतला; ईश्वरीनं हिसकावून घेतला. "हवामानामुळे फोम बसवण्यात आला" असं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. शेवटी तेरा तारखेला भर दुपारी, माडीवर एकटे बसून, घामाघूम होत त्यांनी तो लिहिला.

चौदाला मॅडमनी पत्रा बघितला, पोती मोजली, मग कागद घेऊन मोठ्यानं वाचला: "फोम मारला ही माझी चूक. हिनं नको म्हणलं होतं, मी ऐकलं न्हाई. कोपरा रंगानं झाकला ही दुसरी चूक. उंदरं आमचीच होती."

"अप्पा, उंदरांचं विचारलं नव्हतं हो," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, आणि शिक्का मारला. दारात उभ्या मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती, अप्पांना काही कळलं नाही.

दाखला ईश्वरीनं अभ्यासिकेच्या दाराशी लावला. निवेदनाची झेरॉक्स मात्र मल्लम्मानं काढली, लॅमिनेशन करून आणली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर खिळा ठोकून टांगली.

"ते काहून लावलंस? लाज वाटती मला."

"छत्तीस वर्षं वाट बघितलीय मी ह्या कागदाची," मल्लम्मा म्हणाली. "राहू द्या तिथंच."

अप्पा कागदाजवळ गेले. मग "खिळा वाकडा ठोकलायस," असं पुटपुटले, हातोडी घेऊन आले आणि तो सरळ ठोकून दिला.