कोऱ्या चेहऱ्याचं पान

नाशिकच्या स्टँडवरून पुण्याची एसटी हलली न हलली, तोच माधवरावांनी विचारलं, "साताऱ्याला कंदी पेढे स्टँडवरच मिळतात, की गावात जावं लागतं?"

माधवराव म्हणजे माझे यजमान. मी कशासाठी निघाले आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यात लक्ष घालण्यासारखं काही आहे असं त्यांना लग्न झाल्यापासून कधी वाटलेलं नाही. मी दातांची डॉक्टर. इतर लोक दवाखान्यात दातांचे तक्ते लावतात, माझ्या भिंतींवर चित्रकथांची मूळ पानं आहेत. मूळ म्हणजे छापलेली नव्हेत. चित्रकाराने जाड कागदावर शाईने काढलेली, छापखान्यात जाऊन आलेली, कडेला निळ्या पेन्सिलीच्या खुणा आणि कुणाच्या तरी चहाचा डाग असलेली. माधवराव त्यांना रद्दी म्हणतात. परवापरवापर्यंत सगळं जगच रद्दी म्हणत होतं आणि तेव्हा मी सुखात होते. मग घरोघर केबल आली, मुंबईत नवे पैसेवाले झाले, त्यांना भिंतीवर लावायला आपलं बालपण हवंसं झालं आणि पानांना भाव फुटला. वांग्याच्या दराने मिळणारी वस्तू सराफाच्या दुकानात गेल्यासारखी झाली.

माझा जीव अडकलाय तो 'घोडेस्वार दौलत' या चित्रकथेत. मी शाळेत असताना एका साप्ताहिकात ती दर आठवड्याला एक पान यायची. तोंडाला काळा रुमाल बांधलेला दौलत घोड्यावरून यायचा, जुलमी सरदाराचा खजिना लुटायचा आणि पसार व्हायचा. मागून धापा टाकत, फेटा सावरत भिकोबा हवालदार पोचायचा. भिकोबा कधी म्हणजे कधी वेळेवर आला नाही. आम्ही मुलं त्याला पोट धरून हसायचो. शेवटी एका अंकात चौकट आली : 'पुढच्या अंकात रुमाल सुटणार.' आणि पुढचा अंक निघालाच नाही. साप्ताहिकच बंद पडलं. माझं शिक्षण झालं, लग्न झालं, हजारो दात उपटून झाले, पण दौलत कोण होता हे काही मला कळलं नाही.

मुंबईचे एक व्यापारी या पानांची खरेदी-विक्री करतात. आम्ही संग्राहक मंडळी त्यांना नुसतं शेठ म्हणतो. शेठ म्हणाले, "शेवटचं पान काढलेलं असणारच. चित्रकार सातारा भागातला. ते पान आणा, मागाल तो भाव देतो." मी मान डोलावली. भावाचा मोह मला नव्हता असं म्हटलं तर माधवरावच हसतील. पण त्याहून मोठी हाव वेगळी होती. मला तो चेहरा बघायचा होता.

साताऱ्याला पोवई नाक्याजवळ जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. मालक डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत म्हणाले, "दौलतची पानं? हाय एक. पण दौलत न्हाई त्याच्यात. नुसता हवालदार हाय."

पान सुरेख होतं. भिकोबा विहिरीवर वाकून पाणी पीत होता आणि फेटा विहिरीत पडत होता. पण बाजाराचा कायदा असा की रुमालवाला दौलत असेल तर भाव चढा, सरदार असेल तर मध्यम आणि नुसता भिकोबा असेल तर अगदीच तळाला. माझ्याकडे भिकोबाची पानं ढिगाने होती. मी ते परत सरकवलं.

"घ्या की बाई, कमी करून देतो."

"नको. चित्रकार कुठे भेटतील ते सांगा."

"जोतिराममास्तर? उंब्रजकडचं त्ये. पन आज जाऊ नका बरं का, आज बेंदूर हाय. कुनी भेटायचं न्हाई."

बेंदूर (बैलांचा सण, आषाढातला) म्हणजे पुरणपोळी, हे माधवरावांच्या तत्काळ ध्यानात आलं. "आजच जाऊ," ते म्हणाले. आमच्या संसारात माझ्या छंदाला मिळालेला हा त्यांचा पहिला पाठिंबा.

उंब्रजला उतरलो तेव्हा भुरभुर थांबून लख्ख ऊन पडलं होतं. मास्तरांची वस्ती गावापासून थोडी आत. रस्त्यावर बैलच बैल. शिंगांना लाल हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, अंगावर झुली आणि समोर हलगीचा कडकडाट. आम्ही एका घराच्या ओट्याला चिकटून उभे राहिलो. तेवढ्यात एक पांढराशुभ्र खिलार बैल समोरून गेला आणि मी माधवरावांचा दंड इतक्या जोरात धरला की ते ओरडले. बैलाच्या अंगावर गुलाबी रंगात एक घोडा उमटवला होता. पुढचा उजवा पाय उचललेला, मान तिरपी, शेपूट वाऱ्यावर. हा घोडा मी झोपेतसुद्धा ओळखला असता. तो दौलतचा घोडा होता.

बैलाचा कासरा धरणारे गृहस्थ मास्तरांचेच धाकटे भाऊ निघाले, धोंडिबा. ओळख सांगितल्यावर त्यांनी आम्हाला थेट घरी नेलं आणि माधवरावांच्या पुढ्यात पुरणपोळी व कटाची आमटी आली. मी घोड्याबद्दल विचारलं.

"आवं, साचा हाय त्याचा," धोंडिबा खुशीत म्हणाले आणि फळीवरून एक चवड काढून आणली.

साचे म्हणजे दौलतची मूळ पानं. रंग झिरपू नये म्हणून त्यांना मेण चोळलेलं, आणि मधोमध आकार कापून पाडलेलं भोक. एका पानात घोडा कापलेला, एकात अख्खा दौलत, एकात नुसता रुमाल. कडेने सरदाराचे हात, अर्धे झेंडे, अर्धवट संवाद. प्रत्येक भोकातून पलीकडचा चुलीचा जाळ दिसत होता. मी मनातल्या मनात शेठांचे भाव लावत होते आणि प्रत्येक पानागणिक मला घाम फुटत होता.

"हे... हे कापलं कुणी?"

"मास्तरनंच. छापून आल्याली पानं ही, त्येंचं काम झालंय, म्हनला. कागद कसा टनक हाय बगा! आन् बाई, असा घोडा पंचक्रोशीत कुनाच्या बैलावर न्हाई. लोक लांबनं बगाया येत्यात." मग माझा चेहरा बघून त्यांनी आपल्या बायकोला हाक मारली. "अगं, बाईस्नी पोळी वाढ, त्यांना चक्कर आल्यागत दिसतंय."

मला रडावं की हसावं कळेना. शेवटी बाहेर तो गुलाबी घोडा बैलाच्या चालीबरोबर हलताना पाहिला आणि हसूच आलं. माझ्या भिंतीवर तो कधी असा चालला नव्हता.

"शेवटचं पान पण कापलं?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"त्याला हात लावू दिला न्हाई मास्तरनं. त्याचं काम ऱ्हायलंय म्हनतो. संगं घिऊन गेला सांगलीला, लेकीकडं."

कराडला गाडी बदलून आम्ही सांगलीला पोचलो. त्या बसमध्ये माधवरावांची छत्री राहिली ती राहिलीच, बहुधा आता ती मिरजेला सुखात असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गावभागात मास्तरांच्या लेकीचं, सुमनताईंचं घर शोधलं. बोळात हळदीचा वास भरला होता. ओसरीवर बसलेले उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे जोतिराममास्तर पाहून मला एकदम वाकून नमस्कार करावासा वाटला आणि मी केला.

"नाशिकनं आला? दौलतसाठी?" ते दोनदा म्हणाले. मग आत जाऊन जुन्या साडीत गुंडाळलेलं पान घेऊन आले.

पान पूर्ण होतं. सरदाराचा वाडा, भोवती गाव गोळा झालेलं, मधोमध दौलत आणि त्याच्या हातात सुटलेला रुमाल. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा कागद. फेट्याखाली नुसता गोल.

"मास्तर, चेहरा?"

"त्योच तर ऱ्हायलाय." ते बसले. "आमचं वडील गनपती करायचं. आखनी (मूर्तीचे डोळे रेखाटण्याचं काम) कवा करायचं म्हाईत हाय? गिऱ्हाईक पाट घेऊन दारात आलं की मग. आदी डोळं उघडलं आन् न्यायला कुनीच आलं न्हाई, तर? त्यानं काय भितीकडं बगत बसायचं व्हय? मीबी तसंच करायचो. समदं पान काढून ठेवायचं. साप्ताहिकाचा मानूस यष्टीनं यायचा, त्याचा च्या व्हईस्तवर तोंडं भरायचो."

माझ्या सगळ्या पानांवर चेहऱ्यांची शाई बाकीच्या शाईपेक्षा काळी का, यावर आम्ही संग्राहकांनी किती तर्क लढवले होते! उत्तर एवढंच : ती नंतरची, ताजी शाई.

"त्या आठवड्याला मानूस आलाच न्हाई," मास्तर म्हणाले. "आता तुमी आलाय. सुमन, माझी दौत आन गं."

मी घाईघाईने म्हटलं, "थोडं थांबा, आलेच," आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून शेठांना फोन लावला. शेठ अक्षरशः किंचाळले. "बाई, हात लावू देऊ नका! कोरा चेहरा, हीच तर गंमत आहे! आत्ताची एक रेघ जरी पडली तरी पान बाटलं. भाव निम्म्यावर येईल, आणि मी तर घेणारच नाही."

परत आले आणि मास्तरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवायला जमलं नाही. मास्तरांनी उघडलेल्या दौतीला हळूच बूच लावलं, कुंचला धुतला आणि म्हणाले, "मग कोराच न्या. तुमचा तोटा नको."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण मला भडभडून आलं. एवढी वर्षं मीच एकटी त्या अंकाची वाट बघत होते असं मला वाटत होतं. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माधवरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? रद्दीतलं मला काय कळतं? पण तो माणूस कोण ते आता मलाही जाणून घ्यायचंय."

"मास्तर," मी म्हटलं, "काढा."

त्यांनी आम्हाला पिटाळलंच. आखणीच्या वेळी मागे कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन भडंग (मसाला लावलेले खमंग चुरमुरे) खात बसलो. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून चाललेली. माधवराव दुसरा पुडा आणायला गेले तेव्हा मी रिकाम्या पुड्याच्या घड्या घालत बसले होते. वाटत होतं, न कळलं तरच बरं. इतकी वर्षं वाट बघण्याला पुरेल असा चेहरा असतो का कुणाचा?

परत आलो तेव्हा मास्तर पानावर हळुवार फुंकर मारत होते. त्यांचा हात आता कापतो. हनुवटीची रेघ जराशी हलली होती. पण चेहरा ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही.

भिकोबा हवालदार! गावाकडे बघून गालातल्या गालात हसणारा.

मी मोठ्याने ओरडले. माधवराव म्हणाले, "म्हणून तर तो कधी वेळेवर पोचायचा नाही!" मग आम्ही तिघं आणि सुमनताई इतके हसलो की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. ज्या पानात दौलत नाही म्हणून मी नाक मुरडत आले, त्या प्रत्येक पानात तो होताच. धापा टाकत, फेटा विहिरीत पाडत.

"आता पैशाचं," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "पानाचं तुमी सांगाल त्ये. तोंडाचं मी सांगंन." आणि त्यांनी असा काही आकडा सांगितला की माधवरावांच्या हातातलं भडंग सांडलं. मी घासाघीस केली, मास्तर तसूभर हलले नाहीत. दिले पैसे, आणि आनंदाने दिले.

परतीला आम्ही रेल्वे धरली. कराड गेल्यावर माधवराव स्वतःहून म्हणाले, "काढ जरा ते पान." आम्ही ते मांडीवर धरलं. समोर एक पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ बसले होते, सैन्यातून निवृत्त होऊन ट्रंक घेऊन गावी निघालेले. त्यांनी एकदा पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं.

"मॅडम, हा... हा दौलतचा घोडा न्हवं?"

"होय."

"आन् ह्यो?" त्यांनी बोट चेहऱ्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. मग मागे टेकून म्हणाले, "आयला, भिकोबा!" लोणंद येईपर्यंत ते पान त्यांच्याच मांडीवर होतं. अधूनमधून स्वतःशीच हसत होते.

लोणंदला त्यांना उतरवून घ्यायला त्यांचा भाऊ आला होता. तसंच नाक, तशाच मिशा. बऱ्याच दिवसांनी भेटत असावेत. पण ट्रंक खाली ठेवायच्या आधीच ते निवृत्त गृहस्थ ओरडले, "आण्णा, दौलत म्हंजी भिकोबाच हुता की रं!"

"गप रं. त्यो कवा वेळंवर आला हुता?"

"आरं, म्हणूनच की!"

आण्णा तसेच उभे राहिले. गाडी सुटली. मग ते भानावर आले आणि धोतराचा सोगा धरून आमच्या खिडकीबरोबर पळायला लागले. "बाई, खरं व्हय? दावा की!" मी पान खिडकीच्या गजांना लावून धरलं.

शेठांना मी कळवलं की पान विकायचं नाही. त्याचा भाव खरोखरच पडला आहे, असं ते सांगतात. असेल. पण साप्ताहिकाचा तो राहिलेला अंक अखेर लोणंदच्या फलाटावर निघाला, आणि त्याचा वाचक फलाट संपेपर्यंत पळत पळत तो वाचत होता.