बरं म्हणजे कुठं?

आमच्या वहिनींपुढं ‘बरं आहे’ म्हणून कुणाची सुटका होत नसे. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात कुणी भेटलं की त्या विचारायच्या, “कसं हाय?” समोरचा रीतीप्रमाणं “बरं आहे” म्हणायचा. मग त्यांचा दुसरा प्रश्न यायचा, “बरं म्हंजे कुटं बरं? डोकं बरं, पोट बरं, का मन बरं? नीट सांगा की!”

त्यांचं माहेर अक्कलकोटाकडचं. माझ्या थोरल्या भावाशी लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या तेव्हा मी शाळेत शिकत होतो. पुढं शाळेत शिकवू लागलो. आमच्या घरची पुस्तकी बोली त्यांनी कधी उचलली नाही. दादा थट्टेनं म्हणायचे, “हिला सिव्हिल सर्जनच्या खुर्चीत बसवा. रोगी बोळातलेच पुरतील.”

शेजारच्या हातमागवाल्याची बायको नरसम्मा महिनोन् महिने ‘बरं’ म्हणत होती. वहिनींनी तिच्या काखेतली गाठ शोधून काढली आणि तिला पुढच्या पेठेतल्या डॉक्टरांकडं नेलं. बाईमाणसानं डॉक्टरांकडं नाडी बघायला नुसता हात पुढं करायचा आणि दुखणं बरोबरच्या पुरुषानं सांगायचं, ही तेव्हाची रीत. त्याप्रमाणं नरसम्माचा नवरा बोलू लागला. वहिनींनी त्याला तिथंच थांबवलं, “गाठ तुला हाय का तिला? तिला बोलू दे की!” डॉक्टर मोठ्यानं हसले, आणि त्या दिवसापासून बायकांना स्वतः विचारू लागले.

अशा बाईला एका वर्षी काय झालं ते आम्हाला कळेना. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. पण वहिनी बोळात जाईनाशा झाल्या. परातीत पीठ घेऊन बसायच्या आणि पाणी घालायचं राहून जायचं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दादा म्हणाले, “आळस भरलाय अंगात, दुसरं काही नाही.” मी काहीच म्हणालो नाही. शिकलेल्या माणसाला ती एक सोय असते.

एका रविवारी मी वह्या तपासत होतो. वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, मला डॉक्टराकडं न्या. सकाळी उठावं वाटत न्हाय. तोंडाला चव न्हाय. आन् कुणाचं काईच वाटत न्हाय. परवा तुमच्या दादांना ताप आला, तरी मला काई वाटलं न्हाय. रडू बी येत न्हाय. हा आळस न्हवं. लई दुखणी बघितलीत मी, हे दुखणंच हाय.”

मी हो म्हणालो.

“पर तुमी बोलू नका हां. मी बोलणार.”

त्यालाही मी हो म्हणालो. वाटेनं त्या माझ्या मागून चालत होत्या आणि सांगायच्या तीन गोष्टी बोटांच्या पेरांवर पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

एक गोष्ट मी त्यांच्याजवळ बोललो नव्हतो. माझं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलगी पुढच्या पेठेतल्या त्याच डॉक्टरांची भाची होती. दवाखान्याच्या पायरीवर मला एकच वाक्य ऐकू येऊ लागलं : त्या घरात वेड आहे. मुलगी मला पसंत होती. दुसऱ्या डॉक्टरांकडं जाऊ, असं मी सुचवून पाहिलं, पण वहिनी म्हणाल्या, “हाच बोलू देतो.”

डॉक्टरांनी वहिनींकडं पाहून विचारलं, “काय होतंय बाई?”

वहिनींचा अंगठा पहिल्या पेरावर होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि मी म्हणालो, “पित्त आहे. झोप लागत नाही, अन्न जात नाही. पित्तच.”

डॉक्टर पुन्हा त्यांच्याकडंच वळले. “बाई, आणखी काही?”

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग मूठ मिटली. “न्हाय. बाकी बरं हाय.”

पित्ताच्या पुड्या मिळाल्या. आठ दिवसांनी परत आणा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी नेलं नाही. माझ्या लग्नानंतर वहिनींना हवापालटासाठी माहेरी पाठवलं आणि परत आणलं नाही. दोन वर्षांनी दादांनी दुसरं लग्न केलं. त्या पंगतीत मी आग्रह करकरून जिलब्या वाढल्या.

माझ्या मुलीच्या बारशाला डॉक्टर आले होते. आता ते माझे मामेसासरे. त्यांनी मला बाजूला घेतलं. “तुमच्या वहिनींना पित्त नव्हतं. मला शंका होती, पण तुम्ही मास्तर, इतक्या ठामपणानं बोललात. मनाचं असं दुखणं असतं. ते वेड नव्हे, आळसही नव्हे. आमच्याजवळ हुकमी औषध नाही, पण विश्रांती देता येते, ऐकून घेता येतं. हे दुखणं आहे, तुझा दोष नाही, एवढं तरी मी त्यांना सांगितलं असतं. मुंबईला माझ्या ओळखीचे एक डॉक्टर असे रोगी बघतात. अजून आणा की.”

पुढच्याच रविवारी मी वहिनींच्या माहेरगावी गेलो. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. केस पिकले होते. मी समोर बसलो. गाडीत बसून शंभर वेळा घोकलेली माफी तोंडातून निघेना. एवढंच म्हणालो, “वहिनी, डॉक्टरांनी बोलावलंय. या खेपेला तुम्हीच बोला. मी आतसुद्धा येणार नाही.”

“काय बोलू?” सूप न थांबवता त्या म्हणाल्या. “पित्त तर हाय.”

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्यांना आता तसंच वाटत होतं, की काही वाटणंच संपलं होतं, मला सांगता येणार नाही. मी पुष्कळ विनवलं. त्या आल्या नाहीत.

मी उठलो तेव्हा त्यांनी मान वर केली. “भाऊजी, तुमचं कसं हाय?”

“बरं आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सुपातले खडे वेचू लागल्या. मी दारात बराच वेळ उभा राहिलो. दुसरा प्रश्न आला नाही.