माहेरच्या ग्रुपवरची गोळी

खोटं मला वासावरून कळतं, ही माझी जुनी फुशारकी. पूर्णेच्या शाळेत मास्तरीण आहे मी. एकाच पोराची आजी वर्षात तीनदा वारलेली मी पकडली आहे. पण गावी, चुडाव्याला, माझ्या आईच्या हातात मोबाइल आला आणि माझी सगळी हुशारी पाण्यात गेली.

एका रविवारी तिच्याकडे गेले, तर बीपीच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं. बाईसाहेब वाटीतून हिरवंगार काहीतरी पीत बसलेल्या.

"गोळी?"

"सोडली. शेवग्याच्या पाल्याचा रस घ्यायलेय. गोळीनं किडनी जाती म्हणं."

"कोण म्हणलं?"

"माहेरच्या ग्रुपवर आलंय."

झालं! माहेरचं माणूस खोटं बोलत नाही, हा आईचा कायदा तिच्या लग्नाइतका जुना. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

"अगं आई, लकवा मारल!"

"तसलं तुझ्या सासरच्या ग्रुपवर येत असंल."

मग मी, पोरांना जन्मभर 'खरं बोला' शिकवणारी, चुडाव्याच्या स्टेशनावर बसून धडधडीत खोटं लिहिलं: 'हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांचा इशारा! गोळी सोडून नुसता रस पिणाऱ्या बायकांचे केस आठ दिवसांत गळतात.' आईचा अंबाडा अजून मुठीत मावत नाही आणि त्याचा तिला केवढा तोरा! तरी मन खायला लागलं, म्हणून खाली एक ओळ जोडली: 'गोळी बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.' मामाच्या हातापाया पडून त्याला ते ग्रुपवर टाकायला लावलं.

पुढच्या रविवारी पाकिटातल्या सात गोळ्या गेलेल्या! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मेसेज तू लिवलास ना?"

"मी कशाला लिहू?"

"गप बस. खरा मेसेज कधी डॉक्टरला विचारा म्हणतो का?"

अख्ख्या निरोपात तेवढी एकच ओळ खरी होती, आणि नेमकी तिनंच माझा घात केला. वर्गातलं पोर उभं राहतं तशी मी खाली मान घालून उभी.

"मग गोळ्या कशाला घेतल्यास? केसांसाठी?"

"केसाला काय व्हायलंय!" तिनं भाकरी उलटली. "कधी खोटं न बोलणारी लेक मामाला मधी घालून खोटं बोलायलीय. म्हणलं, पोरगी लय भ्यालीय."

मला एकदम भरून आलं. पदरानं डोळे पुसले.

"काय झालं गं?"

"काही नाही. धूर गेला डोळ्यात."

भाकरी गॅसवर होती. आईनं शेगडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.